नखीखालचं पीस

हिऱ्याच्या आत बघायला मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी शिकले. त्याआधी चौदा वर्षं रत्नागिरीतल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. कांद्याचा पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवायचा, मायक्रोस्कोप जुळवून द्यायचा, आणि "मॅडम, मला काहीच दिसत नाही" म्हणणाऱ्या मुलांच्या मागे उभं राहून "दुसरा डोळा मिटू नको, उघडा ठेव" असं सांगायचं. काम कंत्राटी होतं. एका वर्षी कंत्राट वाढवलं नाही आणि मी घरी बसले.

बसले म्हणजे काय, बसवतच नसे. नवरा मालवाहू जहाजावर फिटर. वर्षातले आठ-नऊ महिने तो पाण्यावर, आणि मी व माझी मुलगी मारुती मंदिराच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांत. दुपारचे दोन वाजले की प्रॅक्टिकलची वेळ झाल्यासारखे हात शिवशिवायचे. धुतलेले पेले पुन्हा धुवायला काढायची. संध्याकाळी मांडवीच्या जेटीपर्यंत चालत जायची आणि तिथे पोचले की लगेच परत फिरायची. मुलगी तेव्हा नववीत होती. ती म्हणायची, "आई, तू बाबांपेक्षा जास्त फिरतेस."

बाजारपेठेतल्या एका जुन्या सराफी दुकानात हिऱ्याचं काउंटर सुरू होणार आहे आणि तिथे बाई हवी आहे, असं कळलं. मी गेले. मालकांना सगळे शेठ म्हणत. पन्नाशीचे, मृदू बोलणारे, आजोबांपासूनचं दुकान चालवणारे. त्यांनी माझी डिग्री विचारली नाही. "हात पुढे करा," म्हणाले. मी दोन्ही हात काचेच्या काउंटरवर धरले. त्यांनी मिनिटभर बोटांकडे बघितलं. "थरथरत नाहीत. डोळे?" "चष्मा नाही." "मग पंधरा दिवस मुंबईला जाऊन शिकून या."

शिकवणारे गृहस्थ सत्तरीला आलेले होते. मूळचे संगमेश्वरकडचे, मिसरूड फुटलं तेव्हा मुंबईला गेले आणि चाळीस वर्षं हिरे निवडण्याचं काम केलं. मी रत्नागिरीची म्हटल्यावर त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि सगळ्यांत जास्त बोलणीही मलाच ऐकवली. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक हिरा, एक चिमटा आणि दहा पट मोठं दाखवणारं ते इवलंसं भिंग दिलं. "आत किती खुणा दिसतात ते लिहा."

मी अकरा लिहिल्या. मायक्रोस्कोपवर चौदा वर्षं काढलेली बाई, मी जरा ऐटीतच कागद पुढे केला. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. माझा हिरा घेतला, मऊ फडक्याने दोनदा पुसला आणि परत दिला. "आता मोज."

चारच निघाल्या.

"बाकीच्या तुझ्या बोटांच्या होत्या, बायो," ते म्हणाले. "आधी पुसायचं. मग बघायचं. आणि बघून झालं की पुन्हा पुसून पुन्हा बघायचं."

पुढचे दिवस मी तेच केलं. हिरा जमिनीत तयार होताना त्याच्यात काहीबाही अडकून राहतं. कुठे काळा ठिपका, कुठे सुईसारखी बारीक रेघ, कुठे फुंकर मारल्यासारखा धूसर पट्टा, आणि कुठे आतली चीर. ही चीर प्रकाशात पांढरी झळकते, म्हणून इंग्रजीत तिला फेदर म्हणतात. आमचे गुरुजी पीस म्हणायचे. हिऱ्याची क्लॅरिटी म्हणजे ह्या सगळ्याचा हिशोब. काहीच सापडलं नाही तर आयएफ. तरबेज डोळ्यालाही शोधायला वेळ लागला तर व्हीव्हीएस. भिंगातून जरा कष्टाने दिसलं तर व्हीएस, सहज दिसलं तर एसआय, आणि नुसत्या डोळ्यांनीही दिसायला लागलं तर आय. ऐकायला सोपं वाटतं. पण खूण केवढी, किती, कसली, कुठे, हे सगळं एका नजरेत तोलायचं असतं, आणि ते तोलताना मी पहिले आठ दिवस रोज चुकले.

कुठे, ह्या प्रश्नावर गुरुजी फार वेळ घालवायचे. "मधोमध ठिपका असला तर तो आतल्या पैलूंत आरशासारखा दहा ठिकाणी दिसतो. ग्रेड खाली आणतो, पण दगडाला काही करत नाही. तेच पीस कडेला असलं तर डोळ्याला दिसत नाही, पण धक्का बसला की तिथूनच टवका उडतो. डोळ्याला काय त्रास आणि दगडाला काय त्रास, हे दोन वेगळे प्रश्न. सर्टिफिकेट बहुतेक पहिल्याचंच उत्तर देतं."

मी हे वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे.

रत्नागिरीला परत आले ती एक खोड घेऊनच. कशाकडेही बघितलं की त्यातलं बिघडलेलं आधी दिसायचं. काचेच्या पेल्यातला बुडबुडा, भिंतीवरचा पोपडा, मुलीच्या हनुवटीवरचा जुना व्रण. नवरा व्हिडिओ कॉलवर बोलत असताना मी त्याचं बोलणं ऐकायच्या ऐवजी तो कुठल्या वाक्याआधी थांबतो ते बघत बसायची. एकदा मुलीने चिडून तोंडावर हात धरला. "आई, मला असं बघू नको. भिंग लावल्यासारखं."

दुकानात मात्र ह्या खोडीचं कौतुक होतं. आलेला प्रत्येक हिरा मी सर्टिफिकेटशी ताडून बघायची आणि वहीत त्याचा छोटा नकाशा काढून ठेवायची. शेठ माझी वही गिऱ्हाइकांना दाखवायचे.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस एक बाई आल्या. राजापूरच्या, निवृत्त शिक्षिका, साठीच्या पुढच्या. इस्त्रीची सुती साडी, हातात कापडी पिशवी. मला वाटलं सुनेसाठी नाहीतर मुलीसाठी काही बघत असतील.

"माझ्यासाठीच," त्या म्हणाल्या. "लग्नात बोटात घालायला सोन्याचं एक वेढणं मिळालं होतं, ते आईच्या आजारपणात गेलं. चौतीस वर्षं गणित शिकवलं. आता एक हिरा घालावा म्हणते. घालावा ना?"

"घालावाच," मी म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं. हिऱ्याच्या काउंटरवर स्वतःसाठी आलेली ती माझी पहिलीच बाई होती.

त्यांनी दोन तास लावले. पाच हिरे बघितले. त्यांना अर्ध्या कॅरटचा एक आवडला. तो मलाही आवडत होता. घाट उत्तम, रंग स्वच्छ, प्रकाश पडला की नुसता उसळायचा. ग्रेड एसआय टू. नुसत्या डोळ्यांना त्यात काही दिसत नव्हतं. पण माझ्या वहीत त्याचा नकाशा होता, आणि त्यात कडेपासून आत गेलेली एक लाल रेघ होती. कडेचं पीस.

त्यांनी हिरा बोटांच्या बेचक्यात ठेवून बघितला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "ह्यात काही आहे का?"

शेठ शेजारीच उभे होते. त्यांनी मला खुणावलं नाही, खाकरले नाहीत, काहीच केलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर कितीदा तरी मी मनातल्या मनात त्यांच्यावर ढकलून बघितलं. मी स्वतःच म्हटलं, "बाई, जे आहे ते सगळं सर्टिफिकेटवर लिहिलेलं आहे."

आणि सर्टिफिकेट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. मोजमापाचे आकडे त्यांना आवडले असावेत. छोट्या गोल नकाशातल्या लाल रेघेवरून त्यांची नजर गेली, थांबली नाही. "बरं," त्या म्हणाल्या.

जडाईच्या कारागिराने हिरा चार नख्यांत, म्हणजे कडेला पकडून ठेवणाऱ्या सोन्याच्या चार आकड्यांत, बसवला. कडेला खूण असली की ती नखीखाली घ्यायची, ही कारागिरांची नेहमीची रीत. त्यात लबाडी अशी काही नसते. उलट अंगठी चांगली दिसते. तशी ही अंगठी सुंदरच झाली होती. दिवाळीच्या दोन दिवस आधी बाई येऊन घेऊन गेल्या. बोटात घालून त्यांनी हात लांब धरला, मग जवळ आणला, आणि लाजल्या. साठीच्या बाईला असं लाजताना मी पहिल्यांदा बघितलं.

त्या दिवसापासून मला चैन पडेना.

पहिल्यांदा मी ते कामावर ढकललं, दिवाळीची दगदग म्हणून. दिवाळी सरली, तुळशीचं लग्न झालं, तरी ते जाईना. दुकानात कोणी सर्टिफिकेट मागितलं की मी ते दोनदा वाचून मगच पुढे करायची. मी स्वतःशी वाद घालायची. खोटं बोललीस? नाही. लपवलंस? नाही, कागद पुढे ठेवला. ग्रेड चुकीची होती? बरोबर होती. मग? मग काही नाही. आणि परत पहिल्यापासून. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मुलीचा अभ्यास तपासताना हाच फेरा. जेवता जेवता मी उठून उभी राहायची. मुलगी विचारायची, "काय हवंय?" मला काही नको असायचं.

शेवटी मी गुरुजींना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, जणू अभ्यासातली शंका असावी तसं विचारलं, "एसआय टू, कडेला पीस, नखीखाली घेतलंय. चालतं ना?"

"आत किती गेलंय?"

मी सांगितलं.

"चालतं. शंभर वर्षं टिकेल. नाहीतर उद्या दाराच्या कडीवर आपटेल नि टवका उडेल. घेणारीला सांगितलंस ना?"

"सर्टिफिकेटवर आहे."

"बायो," ते म्हणाले, "कागद वाचायला दोन आठवडे लागले तुला. माझ्यासारखा माणूस समोर बसून शिकवत होता तेव्हा." आणि त्यांनी जेवायला बोलावताहेत म्हणून फोन ठेवला.

मी बाईंचा नंबर दोनदा लावला आणि वाजायच्या आत तोडला. फोनवर काय सांगणार? त्यांना दिसत नाही अशा जागी त्यांना न कळणारं काहीतरी आहे, एवढंच ना? ते तर मी आधीही केलं होतं. फेब्रुवारीत, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, मुलीला शेजारी जेवायला सांगून मी सकाळची राजापूरची एसटी धरली. पर्समध्ये भिंग, चिमटा आणि मऊ फडकं. पत्ता मी बिलाच्या वहीतून उतरून घेतला होता आणि तो उतरताना चोरी केल्यासारखं वाटलं होतं. लांज्यापर्यंत मला खिडकीबाहेर काय होतं ते आठवत नाही. मोहोर कसा आहे म्हणून शेजारची म्हातारी विचारत होती, मी "हो हो" म्हणत होते.

घर नदीपासून वर, चढणीवर. चिऱ्याचं, पुढे पत्र्याची पडवी. बाई पडवीत विळीवर बसून ओले काजू सोलत होत्या. चीक भाजू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडलेलं, बोटं काळी झालेली, आणि उजव्या हाताच्या बोटात ती अंगठी. एकेक बी पात्यावर दाबून त्या दोन भाग करत होत्या. दर बीला अंगठी पात्याच्या पाठीवर टक्कन आपटत होती. मी पायरीवरच उभी राहिले.

"कोण गो?" त्यांनी मान वर केली. "अगो, तू दुकानातली ना? माझं काय राहिलं का तिकडे?"

"बाई, काजू सोलताना अंगठी काढून ठेवत जा."

"हे सांगायला राजापुरापर्यंत आलीस?" त्या हसल्या. मग माझं तोंड बघून त्यांचं हसू थांबलं. "बस. काय झालं?"

मी बसले आणि सांगितलं. पीस म्हणजे काय, कुठे आहे, नखीखाली कसं आलंय, हिरा खरा आहे, ग्रेड खरी आहे, बहुधा काहीच होणार नाही, पण त्या जागी जोरात लागलं तर टवका उडू शकतो. सगळं एका दमात. त्यांनी विळीचं पातं पाडलं आणि हात मांडीवर ठेवले, तेलकट हात, साडीचं भान न ठेवता.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"काय विचारलं होतं?"

"ह्यात काही आहे का, असं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"सगळं सर्टिफिकेटवर लिहिलंय, असं."

"लिहिलं होतं?"

"होतं."

"म्हणजे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलंय, तिथे बघ, असं." त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात असाच असणार. "चौतीस वर्षांत मला एक पोर असं नाही आठवत, ज्याने तोंडावर विचारलं आणि मी सांगितलं नाही. तुला काय वाटलं, म्हातारी घेणार नाही?"

"तसं काही ठरवलं नव्हतं."

"मग कसं केलंस?"

हेच मी चार महिने स्वतःला विचारत होते. मी पर्समधून भिंग काढून पुढे ठेवलं. त्या उठल्या, आत जाऊन साबणाने हात धुऊन आल्या, अंगठी एका वाटीत कोमट पाण्यात घालून आणली. "दाखव मला."

उन्हात काही दिसणार नव्हतं, म्हणून आम्ही पडवीच्या आतल्या कोपऱ्यात गेलो. मी अंगठी पुसली, चिमट्यात धरली आणि भिंग त्यांच्या डोळ्याशी नेलं.

"कुठल्या डोळ्याने बघू? डाव्यात नवी लेन्स घातलीय."

"डाव्याने. उजवा मिटू नका."

त्यांचा हात हलत होता. हिरा पुढे-मागे व्हायचा, दिसेनासा व्हायचा. मी त्यांचं कोपर माझ्या तळहातावर टेकवून घेतलं. वरून नखी आड येत होती, म्हणून अंगठी उलटी करून खालच्या बाजूने दाखवली. पुन्हा पुन्हा. दहा मिनिटं तरी गेली असतील. कॉलेजातली मुलं इतक्या वेळात कंटाळून "दिसलं, दिसलं" म्हणून मोकळी व्हायची. बाई तसं म्हणाल्या नाहीत. "नाही," म्हणायच्या. "अजून नाही. थांब." मग एकदम त्यांचा श्वास अडकला.

"पांढरं. माशाच्या खवल्यासारखं झळकतंय. तेच?"

"तेच."

"हे माझ्या हातून झालं नाही ना?"

"नाही. तो जमिनीत होता तेव्हापासूनचं आहे."

त्या आणखी बराच वेळ बघत राहिल्या. मग भिंग माझ्या हातात दिलं. अंगठी बोटात न घालता वाटीत ठेवली.

"पुढच्या आठवड्यात मी दुकानात येते. तुझ्या शेठना तू आधी सांग. मी येऊन सांगितलं तर तुला तोंड लपवायला जागा राहायची नाही." मी उठले तेव्हा त्यांनी पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. सोललेले काजूगर परातीत तसेच पडले होते, त्यातला एकही त्यांनी माझ्या हातावर ठेवला नाही. आमच्याकडे ह्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी शेठना सांगितलं. ते देवाला हार घालत होते. हार घालून होईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

"ताई, मी तुम्हाला खोटं बोला म्हटलं होतं का?"

"नाही."

"मग माझ्या दुकानाचं नाव घेऊन गिऱ्हाइकाच्या पडवीत कशाला गेलात? मला सांगायचं होतं. मी फोन करून बोलावून घेतलं असतं त्यांना."

"केला असतात?"

"नसता केला," ते म्हणाले. मग चिडले, स्वतःवर की माझ्यावर, कळलं नाही. "सांगायला गेलं तर प्रत्येक दगडात काहीतरी आहे. प्रत्येकाला सगळं सांगत बसलात तर माणसं उठून कोल्हापूरला जातील. तिथे कोणी सांगत नाही. उद्यापासून चांदीकडे बसा."

बाई ठरल्याप्रमाणे आल्या. शेठनी त्यांना आत बसवलं, थंड मागवलं. मला चांदीच्या काउंटरवरून बोलावून घेतलं, कारण वही माझी होती. कारागिराने नखी वर केली आणि हिरा मोकळा करून पांढऱ्या कागदावर ठेवला. टवका उडालेला नव्हता. मी पुसलं, भिंग लावलं आणि वहीतल्या नकाशाशी ताडून बघायला लागले.

हे लिहायला जड जातं, पण लिहायला हवं. मला ते पीस वाढलेलं हवं होतं. अगदी थोडं, केसभर. म्हणजे माझ्या राजापूरच्या फेरीला कारण मिळालं असतं आणि शेठना दाखवता आलं असतं. मी तीनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा मला ते खरंच लांब दिसायला लागलं. मग मी हिरा पुन्हा पुसला, कागद फिरवला, डोळे मिटून थोडी थांबले आणि परत बघितलं. होतं तेवढंच होतं.

"तेवढंच आहे," मी सांगितलं. शेठनी सुस्कारा टाकला.

ते म्हणाले, "बाई, हा बदलून देतो. ह्यापेक्षा स्वच्छ देतो. जरा लहान येईल, पण कडेला काही नाही." त्यांनी दुसरा हिरा पुढे ठेवला. व्हीएस वन, सुरेख होता. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवले. माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी भिंग दिलं. त्यांनी आधी नवा बघितला, मग आपला.

"हा मला ओळखता येतो," आपल्या हिऱ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "तो घेतला तर त्यात काय आहे ते पुन्हा हिला विचारावं लागेल."

माझे कान तापले.

"मग हाच ठेवा, पण नख्यांत नको," कारागीर मध्ये बोलला. आजवर मी त्याला दोन वाक्यांच्या वर बोलताना ऐकलं नव्हतं. "कोंदण करतो. सोन्याची पट्टी सगळ्या कडेभोवती फिरवतो. कड झाकली की धक्का सोन्याला बसेल. चमक थोडी कमी होईल."

"होऊ दे," बाई म्हणाल्या.

कोंदणाची अंगठी तयार झाली आणि त्या घेऊन गेल्या. माझ्याशी चार शब्द बोलल्या: काजू सोलताना काढून ठेवते, म्हणून. क्षमा केली असं काही म्हणाल्या नाहीत, आणि मला वाटतं केलेली नाही. ह्या मे महिन्यात त्या दुकानावरून गेल्या. मी काचेतून बघितलं, त्यांनीही बघितलं. त्यांनी मान हलवली. आत आल्या नाहीत.

चांदीच्या काउंटरवर मी दीड महिना काढला. जोडवी, पैंजण, निरांजनं, बारशाचे वाळे. चांदीत आत बघायचं काही नसतं, त्यामुळे मन शांत होईल असं वाटलं होतं. झालं नाही. माझ्या जागी हिऱ्याकडे बसवलेल्या नव्या मुलीने दोन सर्टिफिकेटांची अदलाबदल केली आणि शेठनी मला परत बोलावलं. "एक अट," म्हणाले. "गिऱ्हाइकाला काही सांगायचं असेल तर आधी मला."

"त्यांनी विचारलं तर मी तिथल्या तिथे सांगणार," मी म्हटलं. हात काउंटरवर होते आणि थरथरत होते.

त्यांनी ते बघितलं. "विचारलं तर," ते म्हणाले.

"विचारलं तर."

हे ठरलं आणि मला वाटलं, सुटले. पण लोक विचारतच नाहीत. दहातले आठ जण किंमत विचारतात, रंग बघतात, आरशात हात धरतात. बाईंसारखं सरळ डोळ्यांत बघून कोणी विचारत नाही. मग मी काय करायचं? मीच भिंग पुढे करायला लागले. "एकदा बघून घ्या," म्हणते. शेठ दुसरीकडे बघतात. काही जण बघतात. काही गंमत म्हणून डोळ्याला लावतात आणि "छान आहे हो" म्हणून परत देतात.

गेल्या शनिवारी देवरुखकडचं एक जोडपं आलं होतं. साखरपुड्याची अंगठी. मुलीने हिरा निवडला. त्यात मध्याच्या जरा बाजूला एक काळा ठिपका आहे, निरुपद्रवी, भिंगाशिवाय दिसणार नाही असा. मी भिंग तिच्यापुढे धरलं.

"नको," ती म्हणाली. "मला नाही बघायचं."

"का गो?"

"आत्ता किती छान दिसतोय. एकदा कळलं की मला तेवढंच दिसत राहील." आणि ती त्याच्याकडे बघून हसली. तो मुंबईला कामाला आहे, आल्यापासून फोनमध्ये बघत होता, त्याने मान वर करून विचारलं, "काय?" ती म्हणाली, "काही नाही."

ती बरोबर बोलली होती. माझंच झालंय तसं, हे तिला सांगावंसं वाटलं. मी हिरा पुडीत घातला, वर तिच्या बोटाचं माप लिहिलं.

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती आता बारावीत आहे. म्हणाली, "तिने नको म्हटलं ना? मग संपलं." शेठही हेच म्हणाले. नवऱ्याला जहाजावर फोन केला, तोही हेच म्हणाला, बोलता बोलता तो एका वाक्याआधी थांबला, आणि ह्या खेपेला मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, जहाजावरून उतरायची तारीख लांबलीय, घरी यायला अजून दोन महिने लागतील, कसं सांगावं कळत नव्हतं.

सगळे म्हणतात, संपलं, आता सांगायचं काही उरलं नाही. मी रोज पुडी उघडते, हिरा पुसते, बघते आणि परत ठेवते. अंगठी गुरुवारी द्यायची आहे.